गव्हर्नर ऑल्टगेल्ड: वाचनालयातल्या भित्तिप्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी २०२५

विषय पक्का झाला. १ मेच्या कामगार दिनाला शिकागोच्या हेमार्केट प्रकरणावर (१८८६ च्या कामगार सभेतला बॉम्ब आणि त्यावरून झालेल्या फाशीच्या शिक्षा) हॉलमध्ये काहीतरी लावावं, असं आमच्या ग्रंथपाल बाईंच्या मनात बरेच दिवस होतं. इचलकरंजीत हे प्रकरण अनोळखी नाही. युनियनच्या सभेत शिकागोच्या हुतात्म्यांचा उल्लेख दरवर्षी होतो. पण गोष्ट फाशीपाशी संपते. त्यानंतर साडेपाच वर्षांनी इलिनॉय राज्याच्या गव्हर्नरने ती फाइल पुन्हा उघडली, तुरुंगात उरलेल्या तिघांना सोडलं आणि का सोडलं याची कारणं छापून लोकांपुढे ठेवली, हे कुणी सांगत नाही. तो गव्हर्नर जॉन पीटर ऑल्टगेल्ड. प्रदर्शन त्याच्यावर करायचं.

वाचनालयाच्या कार्यक्रमनिधीतून १०,००० रुपये मिळालेत. माणसं चार: बाई, एक निवृत्त वकील काका, सायझिंगमध्ये (सुताला खळ लावायच्या कारखान्यात) नोकरी करणारा आणि कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर येणारा आमचा मित्र, आणि मजकूर लिहायला मी. दुसऱ्या कुठल्या वाचनालयाला असं काही करायचं असेल तर आमचा वेळ कुठे गेला ते आधीच कळावं, म्हणून नोंदी ठेवतोय.

१६ फेब्रुवारी

आयुष्यक्रम एका कागदावर उतरवला. जन्म ३० डिसेंबर १८४७, जर्मनीतल्या नासाऊ संस्थानात, नीडरझेल्टर्स या गावी. तान्हा असतानाच आईबाप अमेरिकेत आले आणि ओहायोत मॅन्सफिल्डजवळ शेतीवर राहिले. घरची गरिबी, शाळा तुटक. सोळाव्या वर्षी यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेत, ओहायोच्या शंभर दिवसांच्या पलटणीत भरती झाला. व्हर्जिनियात तापाने गाठलं आणि तब्येत कायमची अधू झाली. मग शाळामास्तरकी, पायी पश्चिमेकडे प्रवास, आर्कान्सात रेल्वेच्या कामावर मजुरी, तिथे पुन्हा ताप. शेवटी मिसुरीतल्या सव्हाना गावात वकिली शिकला आणि १८७४ मध्ये तिथल्या काउंटीचा सरकारी वकील म्हणून निवडून आला. १८७५ मध्ये शिकागो.

शिकागोत जमिनी आणि इमारतींच्या व्यवहारात त्याने पैसा केला. १८८४ मध्ये तुरुंगव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं: गरीब माणूस पोलिसांच्या हाती लागला की यंत्रणा त्याला आणखी गुन्हेगार करून बाहेर टाकते, असा त्याचा रोख. १८८६ मध्ये कुक काउंटीच्या सुपीरियर कोर्टावर निवडून गेला, १८९१ मध्ये न्यायाधीशपद सोडलं. भर शहरात युनिटी बिल्डिंग नावाची सोळा मजली इमारत उभी केली. १८९२ च्या निवडणुकीत गव्हर्नर. परदेशात जन्मलेला इलिनॉयचा हा पहिलाच गव्हर्नर, आणि यादवी युद्धानंतर निवडून आलेला तिथला पहिला डेमोक्रॅट.

याच क्रमाने, जन्मापासून मृत्यूपर्यंत, फलक मांडायचे असं ठरलं. आकार तीन बाय दोन फूट, सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या बोर्डवर.

२ मार्च

ए-थ्री कागदांवर कच्चे फलक काढून हॉलमध्ये दोरीला लावले आणि वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्यांना बघायला सांगितलं. बहुतेक जण ओहायोच्या शेतापर्यंत पोचले आणि तिथून परत टेबलाकडे वळले. एका काकांनी सरळ विचारलं, "हा एवढा कोण माणूस, की याच्या लहानपणापासून वाचायचं?" रास्त प्रश्न.

दुसरी अडचण पदाची. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतो. तिकडचा गव्हर्नर लोक निवडून देतात आणि कामाने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. हे पहिल्या फलकावर नसेल, तर राजभवनातल्या माणसाने कारखाने कायदा कसा काय रेटला, असा गोंधळ होतो. एक ओळ घातली.

कच्च्या छपाईचे ६०० रुपये गेले. पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. हीच चूक सनबोर्डवर झाली असती तर दहापट महागात पडली असती.

९ मार्च

क्रम उलटा केला. सुरुवात आता ४ मे १८८६ च्या रात्रीपासून. आदल्या दिवशी शिकागोच्या मॅकॉर्मिक कारखान्याबाहेर पोलिसांनी कामगारांवर गोळीबार केलेला. त्याच्या निषेधाची हेमार्केट चौकातली सभा. महापौर कार्टर हॅरिसन स्वतः येऊन ऐकून गेले, सभा शांत आहे असं पोलिसांना सांगून घरी गेले. पाऊस येईल अशी हवा झाली, लोक पांगू लागले, सॅम्युअल फील्डन शेवटचं बोलत होता. तेवढ्यात कॅप्टन जॉन बॉनफिल्ड पावणेदोनशेच्या आसपास पोलीस घेऊन आला. कुणीतरी बॉम्ब टाकला. सात पोलीस मेले; पोलिसांच्या गोळीबारात सभेतली माणसंही मेली. बॉम्ब कुणी टाकला ते आजतागायत सिद्ध झालेलं नाही.

कामगार चळवळीतल्या आठ जणांवर खटला चालला. ११ नोव्हेंबर १८८७ ला स्पाइस, पार्सन्स, फिशर आणि एंगल यांना फाशी. लुई लिंगने आदल्या दिवशी कोठडीत जीव दिला. फील्डन आणि श्वाब यांची फाशी तेव्हाचे गव्हर्नर ओग्लस्बी यांनी जन्मठेपेवर आणली. ऑस्कर नीबेला पंधरा वर्षं. हे तिघे जोलिएटच्या तुरुंगात राहिले.

इथवर दोन फलक. तिसऱ्यावर लगेच २६ जून १८९३, ऑल्टगेल्डचा हुकूम. बालपण मागे, नवव्या फलकावर. पुन्हा दोरीवर लावून पाहिलं. या वेळी लोक थांबले.

१६ मार्च

सगळ्यात जास्त डोकं या भागाला लागलं. माफीच्या हुकुमाला जोडलेलं निवेदन सुमारे १८,००० शब्दांचं आहे. आधी ते पूर्ण मराठीत उतरवायला घेतलं होतं. वकील काकांनी थांबवलं. त्यांचं म्हणणं, "भिंतीवर कुणी निकालपत्र वाचत नाही. त्याचे मुद्दे काढ, आणि प्रत्येक मुद्द्याला एक पुरावा दे."

म्हणून मुद्दे काढले. पंच, म्हणजे ज्यूरी, मुद्दाम हवे तसे वेचून आणलेले होते. त्यांच्यातल्या कित्येकांनी आपलं मत आधीच बनलंय असं कोर्टात सांगितलं होतं, तरी त्यांना पात्र ठरवलं. आरोपींचा बॉम्बशी संबंध दाखवणारा पुरावा नव्हता. नीबेविरुद्ध तर खटलाच उभा राहत नव्हता. आणि न्यायाधीश गॅरी यांचं वागणं पक्षपाती होतं.

प्रदर्शनाचा जीव कुठे आहे ते मला इथे कळलं. ऑल्टगेल्डला कळवळा आला म्हणून त्याने तिघांना सोडलं, असं नाही. शिक्षा पुरे झाली, आता दया करा, एवढंच म्हणून तो मोकळा होऊ शकला असता. माफीसाठी अर्ज करणाऱ्यांपैकी अनेकांची मागणी तेवढीच होती. तसा हुकूम निघता तर वर्तमानपत्रांनीही फार ओरड केली नसती. त्याने खटल्याचे कागद वाचले आणि खटलाच न्यायाने चाललेला नव्हता असं लिहून दिलं. ते लिहिणं त्याला महागात पडलं. आमच्या प्रत्येक फलकाने या एका गोष्टीकडे बोट दाखवायला हवं. बाकीचं कमी केलं तरी चालेल.

२३ मार्च

ज्यूरी म्हणजे काय, हा प्रश्न उरला होता. जुन्या लोकांना नानावटी खटला आठवतो. १९५९, मुंबईचं सत्र न्यायालय, आठ विरुद्ध एक असा ज्यूरीचा कौल. आपल्याकडच्या अखेरच्या गाजलेल्या ज्यूरी खटल्यांपैकी तो एक. तिशीच्या आतल्यांना यातलं काहीच माहीत नाही.

मजकुराने काम होईना, म्हणून वस्तू केली. ऑल्टगेल्डच्या निवेदनातच एका पेटीचा उल्लेख आहे. कायद्याप्रमाणे शेकडो नावांच्या पेटीतून चिठ्ठ्या काढून पंच बोलवायचे असतात. या खटल्यात तसं न करता हेन्री राइस या खास बेलिफाला, म्हणजे कोर्टाच्या कर्मचाऱ्याला, मोकळीक दिली, की तुला योग्य वाटतील ती माणसं आण. हा खटला मीच सांभाळतोय आणि ही माणसं फासावर जाणार हे नक्की, असं राइस बोलल्याचं प्रतिज्ञापत्र एका व्यापाऱ्याने दिलं. ९८१ जणांची तपासणी झाली तेव्हा बारा पंच ठरले.

आम्ही तेलाचे पंधरा किलोचे दोन रिकामे डबे आणले, साबणसोड्याने धुतले, वरून हात जाईल एवढं तोंड कापलं आणि कडा कापडी टेपने गुंडाळल्या. पत्र्याची कड उघडी ठेवू नका, पोरं हात घालतात. पहिल्या डब्यात वेगवेगळ्या व्यवसायांच्या चिठ्ठ्या: लोहार, कारकून, दुकानदार, गवंडी, मोलमजूर. दुसऱ्यात प्रत्येक चिठ्ठीवर "माझं मत आधीच ठरलंय." बघणाऱ्याने दोन्हीतून एकेक चिठ्ठी काढायची. साध्या कागदाच्या चिठ्ठ्या दोन दिवसांत चोळामोळा झाल्या, म्हणून लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे तुकडे वापरले. ते टिकले. खर्च २४० रुपये.

३० मार्च

कारखाने कायद्याचा फलक. १८९३ च्या कायद्याने इलिनॉयमध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात कामाला ठेवायला बंदी आली, स्त्रियांना दिवसाला आठ तासांची मर्यादा आली, आणि तपासणीसाठी बारा जणांचं खातं तयार झालं. त्याची प्रमुख म्हणून ऑल्टगेल्डने फ्लॉरेन्स केली यांना नेमलं. शिकागोच्या कोंदट खोल्यांतून शिवणकाम करणाऱ्या बायकामुलांची पाहणी करून हा कायदा पुढे रेटणाऱ्यांत त्या स्वतःच होत्या. कायद्यासाठी भांडलेल्या बाईच्याच हाती अंमलबजावणी दिली, ही नेमणूक मला या गव्हर्नरच्या सगळ्यात शहाण्या निर्णयांपैकी एक वाटते.

कच्च्या फलकाचं शीर्षक होतं, "आठ तास मिळाले". काकांनी ते खोडलं. १८९५ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ तासांचं कलम रद्द केलं: प्रौढ स्त्रीचा कराराचा हक्क हिरावतो म्हणून. मुलांबाबतची बंदी राहिली. नवं शीर्षक, "आठ तास: १८९३ ते १८९५".

खाली एक पट्टी आपल्याकडची घातली. १८९१ चा हिंदुस्थानातला कारखाने कायदा: स्त्रियांना अकरा तास, नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी. आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या धडपडीतून १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना मिळालेली रविवारची सुटी. बारा तासांची पाळी करून वाचनालयात येणाऱ्या माणसाला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

६ एप्रिल

पुलमन संपाचा फलक सगळ्यात अवघड गेला. १८९४. रेल्वेचे डबे बांधणाऱ्या जॉर्ज पुलमनने मंदीत मजुरी कापली, पण कंपनीच्या गावातली घरभाडी तशीच ठेवली. यूजीन डेब्ज यांच्या अमेरिकन रेल्वे युनियनने पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्या चालवायला नकार दिला. राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी टपाल आणि आंतरराज्य वाहतुकीचं कारण देऊन जुलैच्या सुरुवातीला शिकागोत केंद्राचं सैन्य उतरवलं. राज्याच्या गव्हर्नरला विचारलं नाही. ऑल्टगेल्डने तारेने निषेध केला: राज्याचं सैन्य तयार आहे, आमच्याकडे मदत मागितलेली नाही, मागितली तिथे आम्ही ती पाठवली आहे, आणि घटनेप्रमाणे केंद्राने राज्याच्या विनंतीवरून यायचं असतं. क्लीव्हलंडचं उत्तर थोडक्यात, आत्ता चर्चेची वेळ नाही.

या तारांवर आम्ही आधी पूर्ण फलक केला होता. बघणाऱ्यांना तो कलमांचा वाद वाटला आणि ते पुढे सरकले. उपाय मित्राने सुचवला: आधी पगाराची चिठ्ठी दाखव. भाडं कापून घेतल्यावर एका कामगाराच्या हातात दोन सेंटचा चेक उरला होता. हे तिथल्या पाद्री कार्वार्डाइन यांच्या साक्षीत आहे. तेवढी एक ओळ मोठ्या अक्षरात वर घेतली, तारा खाली. मग लोक तारांपर्यंत येऊ लागले.

काकांनी इथेही दुसरी बाजू लिहायला लावली आणि ते बरोबर होतं. १८९५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डेब्जच्या खटल्यात एकमताने केंद्राच्या बाजूने निकाल दिला. डेब्जने सहा महिन्यांची कैद वुडस्टॉकला भोगली. शिवाय ऑल्टगेल्ड संपांच्या वेळी सैन्य वापरायच्या विरुद्ध होता, असंही नाही. शिकागोच्या महापौरांनी मागितल्यावर ६ जुलैला त्यानेच राज्याची पलटण पाठवली. आणि ऑगस्टमध्ये तो स्वतः पुलमन गावात जाऊन घरं हिंडला, अन्नावाचून ६,००० माणसं हाल काढताहेत असं जाहीर करून राज्यभर मदत मागितली. या गोष्टी शेजारी शेजारी लावल्या. माणूस कसा होता ते त्यातून कळतं.

१३ एप्रिल

फोटोवरून चर्चा झाली. मधल्या भिंतीवर ऑल्टगेल्डचा तीन फुटी फोटो लावायचा बेत होता. कच्चा लावला तर येणारा जो तो विचारू लागला, जयंती आहे का, हार आणलाय का. फोटो लहान केला आणि मधल्या जागी निवेदनाचे मुद्दे आणि डबे घेतले. फोटो आणि चित्रं त्याच काळातली, हक्कमुक्त झालेली वापरली, त्यामुळे परवानगीचा प्रश्न आला नाही.

शेवटचे दोन फलक आज संपवले. हुकुमानंतर वर्तमानपत्रं तुटून पडली. याच्या अंगात अमेरिकन रक्ताचा थेंब नाही, इथपर्यंत लिहिलं गेलं. त्याचे पुतळे जाळले. १८९६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा घडवण्यात त्याचा मोठा हात होता, पण जन्म परदेशातला असल्यामुळे तो स्वतः अध्यक्षपदाला उभा राहू शकत नव्हता. त्याच वर्षी जॉन टॅनरकडून गव्हर्नरपदाची निवडणूक हरला. पायउतार होणाऱ्या गव्हर्नरने निरोपाचं भाषण करायची रीत होती, ती संधीही त्याला मिळाली नाही. युनिटी बिल्डिंग कर्जात गेली. १८९९ मध्ये शिकागोच्या महापौरपदाला अपक्ष उभा राहून पडला. मग क्लॅरन्स डॅरो या वकिलाच्या फर्ममध्ये काम. ११ मार्च १९०२ ला जोलिएटमध्ये, दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांशी लढणाऱ्या बोअरांच्या बाजूने भाषण करून तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वारला. ज्या गावच्या तुरुंगातून त्याने तिघांना सोडलं, तेच गाव. अंत्यविधीला डॅरो आणि समाजसेविका जेन ॲडम्स बोलले. १९१५ च्या अमेरिकन कामगार दिनी (तिकडे तो सप्टेंबरात असतो) शिकागोच्या लिंकन पार्कात त्याचा पुतळा बसला. शिल्पकार गट्झन बोर्ग्लम, ज्याने पुढे माउंट रशमोर या डोंगरावर अमेरिकन राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरले.

१९ एप्रिल

छपाईत आठवडा गेला. आमचा मजकूर युनिकोडमध्ये, प्रेसवाल्याच्या मशीनवर कोरलची जुनी आवृत्ती. फाइल तिथे उघडल्यावर जोडाक्षरं फुटली, रफार पुढच्या अक्षरावर गेला, आणि कुणी न बघता चार फलक छापून झाले. "गव्हर्नर" तर वाचताच येत नव्हता. पुन्हा छपाईचा निम्मा खर्च प्रेसने सोसला, निम्मा म्हणजे ९०० रुपये आमच्या अंगावर.

हे टाळायचं असेल तर सगळा मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांची चित्रं करून, पीडीएफ द्या, आणि एक फलक हातात घेऊन तपासल्याशिवाय बाकीच्यांना हो म्हणू नका. कर्व्ह केल्यावर दुरुस्ती होत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवा. अक्षराचा आकार: सहा फुटांवरून साठीतल्या माणसाला चष्म्याने वाचता आलं पाहिजे. यासाठी आम्हाला प्रत्येक फलकावरचा मजकूर जवळपास निम्मा करावा लागला.

२७ एप्रिल

हॉलच्या भिंतीला चुना आहे, दुतर्फी टेप धरत नाही. रात्री लावलेले फलक सकाळी जमिनीवर, दोघांचे कोपरे दुमडलेले. नायलॉनच्या दोरीला क्लिपा लावून टांगले. सनबोर्डला भोक पाडताना मागून पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवा, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने भोक फाटत जातं.

१ मे

सकाळी झेंडावंदनानंतर हॉल उघडला. संध्याकाळी पाळी सुटल्यावर गर्दी झाली. डब्यांपाशी सतत माणसं होती. मोठी माणसंसुद्धा दुसऱ्या डब्यातून पुन्हा पुन्हा चिठ्ठी काढून बघत होती, एखादी तरी वेगळी निघते का. नीबेच्या फलकाजवळ मागात सूत भरायच्या कांड्या करणाऱ्या एक मावशी बराच वेळ उभ्या होत्या. एका कामगार वृत्तपत्रात नीबेचा दोन डॉलरचा हिस्सा होता, एवढ्यावर तो अडकला, असं तिथे लिहिलंय. त्यांनी मला विचारलं, "आणि मग त्याला सोडणाऱ्यालाच लोकांनी पाडलं?" मी हो म्हणालो. त्यांनी मुलाला बोलावून तो फलक मोठ्याने वाचायला लावला.

सुटलेल्या तिघांचं पुढे काय झालं, हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. आमच्याकडे त्यावर फलक नव्हता. फील्डन कोलोराडोत जाऊन शेतीवर राहिला, एवढं तोंडी सांगितलं.

११ मे

हिशेब. चौदा फलक, ७५ रुपये चौरस फुटाने, ६,३००. फेरछपाई ९००, कच्च्या प्रती ६००, दोऱ्या-क्लिपा-टेप ८५०, डबे आणि चिठ्ठ्या २४०, भाड्याचे दिवे १,२००, चहा आणि माइक १,१००. एकूण ११,१९०. वरचे १,१९० रुपये आम्ही चौघांनी घातले. दिव्यांशिवाय भागलं असतं. तो पैसा फलक मोठे करायला वापरा.

पुढच्या वेळी सुटलेल्या तिघांवर एक फलक वाढवायचाय, आणि पुलमनच्या तारा दोघांनी मिळून मोठ्याने वाचायच्या असा विचार आहे. छापून लावण्यापेक्षा ते जास्त पोचेल असं आम्हा चौघांनाही वाटतं. फलक सध्या वाचनालयाच्या माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून आडवे ठेवलेत. सनबोर्ड उभा टेकवला की उन्हाळ्यात वाकतो. कुणाला लावायला हवे असतील तर ग्रंथपाल बाईंना विचारून घेऊन जा. भाडं नाही, फक्त डब्यांच्या कडांची टेप नवी लावून परत करा.